सोंगणी, फोड आणि माझा वहीम

परवापासून शिवारात मळणीयंत्रं घुमायला लागली आहेत. दुपारचं ऊन भुरकट दिसतं. कुटाराचा भुस्सा वाऱ्यावर येतो आणि दोरीवरच्या कपड्यांवर, माठाच्या झाकणीवर, निजलेल्या कुत्र्याच्या पाठीवर बसतो. सोयाबीनला वास असतो हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. वाळल्या शेंगेचा वास, थोडा भाजल्यासारखा, थोडा मातीचा. तो आला की इतर बायांना दिवाळी आठवत असेल. मला माझ्या मुलीचे गाल आठवतात. तीन वर्षं झाली, तरी या दिवसांत मी ते मनातल्या मनात पुन्हा तपासते. आधी उजवा, मग डावा, मग हनुवटी.

मी वहिमी बाई आहे. दुधावर साय कमी आली तर मी आधी गाईकडे पाहते, मग वैरणीकडे, मग जाऊबाईच्या घराकडे. बोलत मात्र नाही. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. बोलणारी बाई विचारून मोकळी होते. न बोलणारी नुसती पाहत राहते, आणि पाहता पाहता तिला सगळीकडे काहीतरी दिसायला लागतं. घरात मात्र माझी जीभ चालते. म्हणजे एकाच माणसावर चालते. रोशनीवर. एकुलती एक मुलगी, बाहेर न बोललेलं सगळं तिच्याच वाट्याला आलं.

ती आता वाशीमला नर्सिंगच्या कोर्सला आहे, तीन मैत्रिणींसोबत खोली करून राहते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट वाईट झाला नाही हे कळेल. पण त्या सोंगणीच्या दिवसांत तसं होईल असं मला वाटत नव्हतं.

ती बारावीला होती. बसनं रिसोडच्या कॉलेजात जायची. त्या वर्षी सोंगायला बाया मिळेनात, म्हणून आठ-दहा दिवस तिनं कॉलेज बुडवलं आणि माझ्यासोबत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, सबंध शेतात विळा चालवला. सोयाबीनच्या शेंगेवर बारीक लव असते, आम्ही तिला कुस म्हणतो. ती अंगात शिरली की रात्रभर झोप नाही. म्हणून आम्ही बाया ओढणी डोक्यावरून घेऊन नाकावर करकचून बांधतो, डोळे तेवढे उघडे. आत घाम, भुस्सा आणि आपलाच गरम श्वास. संध्याकाळी ओढणी खुंटीला अडकवायची, सकाळी तीच पुन्हा तोंडाला. सोंगणीत ओढणी कोण धुतं? सगळं संपलं की एकदाच धुवायची, अशी आमच्याकडची रीत. केसांना खोबरेल तेलही चोपडून लावायचं, भुस्सा केसांत जाऊ नये म्हणून. ते दुपारपर्यंत कपाळावरून कानशिलापर्यंत उतरायचं.

पहिले फोड आले ते बरोबर तिथेच. ओढणीच्या पट्ट्याखाली गालांवर, आणि केसांच्या कडेनं कपाळावर. आज हे लिहिताना किती सरळ वाटतं. त्या वेळी मला ती जागा दिसली नाही. मी चोर दुसरीकडेच शोधत होते.

सोंगणी आटोपून ती कॉलेजात जायला लागली, तर फोड आणखी वाढले. माझी खात्री झाली की हे बाहेरच्या खाण्याचं आहे.

"काय खाल्लं वं कॉलेजात?"

"डबा खाल्ला."

"डबा तं मीच देला. त्याच्यावर काय खाल्लं?"

"पाणी पेलं."

"कोणाच्या हातचं?"

रोशनी हसली. "नळाच्या हातचं. आता नळालेही बोलवून विचार."

तेव्हा ती हसायची अजून.

मी शेंगदाणे बंद केले. अंडी बंद केली. वांगी, लोणचं, तीळ, गूळ, जे जे मला गरम वाटलं ते सगळं बंद केलं. तिच्या ताटात मुगाचं वरण आणि भात उरला. पोट भरायला मी दिवसातून तीनदा गोड चहा आणि बिस्किटं देत होते, कारण बिस्किट हलकं असतं असं मला वाटायचं, आजाऱ्यालाही देतात ना. फोड कमी होईनात. मग मला वाटलं, ही चोरून खाते. एका संध्याकाळी ती आली तशी मी तिला दारातच उभं केलं.

"तोंड उघड."

"काहून?"

"उघड म्हणते ना. वास घेऊ दे."

तिनं तोंड उघडलं. मी वाकून वास घेतला. पिणाऱ्या माणसाचा घेतात तसा. तिचे बाबा ओसरीवर बसून विळ्याला धार लावत होते, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिच्या तोंडाला कशाचाच वास नव्हता. म्हणजे, मी मनात म्हटलं, खाऊन चूळ भरली असणार.

आमच्या वेळी फोड नव्हते असं नाही. पण आमच्या घरी आरसा होता तो दाढीपुरता, आणि तो वडिलांच्या उंचीवर टांगलेला. मला माझा चेहरा लग्नाआधी नीट माहीतच नव्हता. या पोरींच्या हातात दिवसभर आरसा असतो, मोबाइलमध्ये. रोशनी कोपऱ्यात बसून त्यात पाहायची, मी गेले की पालथा घालायची. शेजारच्या लीलाबाईनं त्यात भर घातली. ती बोलायला बसली की आधी सुपारी कातरते आणि मग माणूस कातरते.

"उष्णता हाये ते," ती म्हणाली. "या वयात पोरगी कोणाचा इचार करत असली का असंच होते. तुमी पाहा बरं फोनमंदी."

ते माझ्या डोक्यात बसलं. एका दुपारी रोशनी फोन घेऊन शेतातल्या सुडीमागे गेली. मळणी व्हायची होती, कापलेल्या सोयाबीनचा ढीग ताडपत्रीखाली उभा होता. मी चपला काढून ठेवल्या आणि ढिगाला वळसा घालून गेले. ती कोणाशी बोलत नव्हती. फोन तोंडासमोर धरून गालाचे फोटो काढत होती. मान वळवून एक, हनुवटी वर करून एक. मग एका बोटानं जुने फोटो मागे सरकवून पाहत होती, कालचे, परवाचे. मला पाहून दचकली.

"काय पाहून राह्यली तू?"

"मीच विचारते, तू काय पाहून राह्यली?"

"वाढले का कमी झाले ते पाहतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी कधीकधी अशाच बोलतात, पोरासारखं. "तुले काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. पण तिला कळलं. अनवाणी आलेल्या आईकडे पाहून कोणालाही कळलं असतं.

रिसोडच्या बाजारात एक चाची बसते, बांगड्या, टिकल्या, पावडर, क्रीम विकते. तिच्याकडे गोरं व्हायच्या क्रीमच्या डब्यांची उतरंड असते. मी रोशनीला घेऊन गेले आणि खाली बघत म्हटलं, हिच्या तोंडाला काही द्या. चाचीनं तिची ओढणी जरा सरकवून पाहिलं आणि डब्यांना हातही लावला नाही.

"कुछ नको लगाओ बाई इसको. मेरे पास का तो बिलकुल नको. सादे पानी से मू धोने लगाव, दिन में दो टाइम. हाथ नको लगाने देव."

मी घरी येईपर्यंत विचार करत होते की ही बाई आलेलं गिऱ्हाईक परत का पाठवते. काहीतरी चांगलं लपवून ठेवत असणार, ओळखीच्या लोकांसाठी. त्या सबंध महिन्यात मला एकच माणूस खरं बोललं, आणि मी त्याच्यावरच सगळ्यात जास्त वहीम घेतला.

मग दसऱ्याच्या आधी एक दिवस रोशनी अर्ध्या वाटेतून परत आली. बसमध्ये कोणीतरी काहीतरी बोललं होतं. काय, ते तिनं आजपर्यंत सांगितलं नाही. दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी कॉलेजात जात नाही."

"आज?"

"आतापासून."

तिचे बाबा वाईट माणूस नाहीत. पण त्यांचं गणित सरळ असतं. "नाही जायचं तं नको जाऊ," ते म्हणाले. "दिवाळी झाली का पाहुणे पाहू मंग. घरी बसून काय करतं?"

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावी होती आणि मी कोणाला म्हटलं नाही की मला जायचं आहे. म्हटलं असतं तर कदाचित पाठवलंही असतं. हे मला माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सुचलं. रोशनीचं दप्तर दारात तसंच पडलेलं पाहून मला तेच आठवलं. हिचा चेहरा दिवाळीच्या आत साफ झाला पाहिजे, नाही तर हिचीही शाळा एका गप्प बसण्यात संपणार. म्हणून मी खिडकीतली ट्यूब काढली.

ती ट्यूब आमच्या घरात दर सोंगणीला येते. कुस लागून अंग खाजतं, काखेत, मांडीत नायटा होतो, की मेडिकलवाल्याला म्हणायचं, खाजेची ट्यूब द्या. चिठ्ठी लागत नाही, कोणी विचारत नाही. घरभर तीच फिरते. बाबांच्या कमरेला, माझ्या मानेला, एकदा तर बैलाच्या खांद्यालाही लावलेली. चार दिवसांत खाज जाते. जी सगळ्यांची खाज घालवते ती फोड का नाही घालवणार, असं मला वाटलं.

संध्याकाळी दिवा लावून झाला की रोशनी ओसरीच्या पायरीवर बसायची आणि मी वरच्या पायरीवर. ती मान मागे टाकून डोळे मिटायची. मी बोटावर मुगाएवढं मलम घ्यायची आणि एकेका फोडावर टेकवायची. हात चालू असताना मी बोलायची. ती जन्मली तेव्हा किती केस होते डोक्यावर. माझ्या शाळेत एक बाई होत्या, त्या फळ्यावर चिमणी काढायच्या आणि तिला नेहमी तीन पाय व्हायचे. रोशनी डोळे मिटूनच हसायची. गोठ्यात गाय रवंथ करायची. दूर कोणाचं तरी मळणीयंत्र चालू असायचं.

चार दिवसांत गाल मऊ झाले. लाली उतरली. मी मनात म्हटलं, डॉक्टरला पैसे देणारे लोक वेडे असतात. रोशनी कॉलेजात जायला लागली.

पुढच्या आठवड्यात फोड परत आले. आधी होते त्याच्या दुप्पट, आणि कातडी लाल, पातळ, उन्हात गेली की चुरचुर करणारी. मी ट्यूब दुप्पट लावली. लावली की दोन दिवस बरं, मग पुन्हा. मी आता पाण्यावर वहीम घेतला, साबणावर घेतला, लीलाबाईच्या नजरेवर घेतला. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. दिवसा मी रोशनीच्या डब्याचं झाकण हुंगायची, दप्तर चाळायची, ती ओट्यावर कोणाशी बोलली तर मोरीतून कान द्यायची. संध्याकाळी दिवा लागला की पायरीवर बसून ट्यूब लावायची. दिवाळीच्या तोंडावर तिनं पुन्हा दप्तर टांगून ठेवलं, आणि या वेळी बाबांनी खरोखरच एका ठिकाणी निरोप पाठवला.

तेव्हा मी तिला वाशीमला कातडीच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेले. बाबांना सांगितलं, माहेरी जाऊन येते.

डॉक्टरीणबाईंनी तिला खिडकीशी उभं केलं आणि नुसतं पाहिलं. हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं, हिला काय कळणार. मग त्या म्हणाल्या, "कोणती क्रीम लावली?"

रोशनी म्हणाली, "काही नाही."

"खोटं सांगू नको. हा चेहरा क्रीमनं झालेला आहे. गोरं व्हायचं होतं ना? मैत्रिणीनं दिली का?"

रोशनी खाली पाहत होती. "काही नाही लावलं."

ट्यूब माझ्या पिशवीत होती. मी ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. दाराशी बायांची रांग होती, सगळ्यांचे कान आत. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. डॉक्टरीणबाई रोशनीलाच बोलत राहिल्या, आणि रोशनी ऐकत राहिली. अशा मलमांत एक औषध असतं, त्या म्हणाल्या, ते चार दिवस चेहरा चांगला दाखवतं आणि आतून कातडी पातळ करतं, फोड वाढवतं. जे काही असेल ते आजपासून बंद. बंद केल्यावर आधी जास्त दिसेल, घाबरायचं नाही. दोन-तीन महिने लागतील. साध्या साबणानं दिवसातून दोनदा तोंड धुवायचं, घासायचं नाही, फोडायचं नाही. ओढणी रोज धुतलेली हवी. तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही. रात्री लावायला एक औषध लिहिलं, तेही अगदी पातळ थरात लावायचं. आणि खाण्याचं विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा म्हणाल्या, "अहो, शेंगदाणे आणि अंडी का बंद केली? पोरगी वाळली आहे. भाकर, डाळ, भाजी, सगळं द्या. गोड चहा आणि बिस्किटं तेवढी कमी करा."

बसमध्ये रोशनी खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिच्याकडे पाहत होते आणि ती मला पाहू देत होती.

तिसऱ्या संध्याकाळी मी दिवा लावून आत जात होते. रोशनी पायरीवर येऊन बसली आणि मान मागे टाकली. चेहरा भयंकर झाला होता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसाच.

"लावत नाही का?" ती म्हणाली.

"मॅडमनं बंद सांगतली ना."

"हो. माहीत हाये."

मी तिच्याजवळ बसले. "रोशनी, त्या ट्यूबीनंच झालं हे. मी लावली. अन् मॅडम तुले बोलत होत्या तं मले बोलता आलं नाही."

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ट्यूबीनं होते ते. दसरा झाला तवाच फोनवर वाचलं होतं मी. फोटोतही दिसे. लावली का दोन दिवस बरं, मंग जास्त."

"मंग लावू कायले देली मले?"

तिनं मान तशीच मागे ठेवली. मग डोळे न उघडता म्हणाली, "दिवसभर तू माह्यावर वहीम घेत राह्यते, आई. वास घेते, दप्तर पाहते. हे लावतानाच तेवढी चांगली बोले."

गोठ्यात गाय उभी राहिली, बसली. आत बाबांनी जेवायला हाक मारली, तरी मी उठले नाही. मी ट्यूबीवर सोडून सगळ्यावर वहीम घेतला होता, आणि पोरगी चेहरा पुढे करून बसत होती, रोज, माझ्या दोन गोष्टींसाठी.

बाबांना मी त्याच आठवड्यात सांगितलं की पाहुणे येणार नाहीत. ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. रोशनी ओढणी न बांधता, तोंड तसंच उघडं घेऊन कॉलेजात गेली. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. मग कपाळ आधी निवळलं, मग हनुवटी. गालावर दोन बारीक खड्डे आहेत, ते अजून आहेत. शेंगदाण्याची चटणी ती पहिल्या दिवशी वाटीभर खाऊन गेली. मी मोजली नाही असं म्हणणार नाही, पण बोलले नाही.

महिन्यानं आम्ही पुन्हा वाशीमला गेलो. तीच खोली, तीच रांग. डॉक्टरीणबाई रोशनीला म्हणाल्या, "बघ, बंद केली तर किती फरक पडला. पुन्हा मैत्रिणींचं ऐकून काही लावशील का?"

"मॅडम," मी म्हटलं. आवाज फार मोठा निघाला, मलाच दचकायला झालं. "ट्यूब मी लावली होती. तिनं नाही. खाजेची होती, घरातली. महिनाभर लावली. त्या दिवशी माझ्या पिशवीतच होती."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. मग रोशनीकडे वळल्या. "मी तुला उगाच बोलले."

रोशनीनं खांदे उडवले. माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या पिशवीचा एक बंद तिनं धरला.

आम्ही बाहेर आलो तर रांगेतली एक बाई उठून माझ्यामागे आली. डोईवर पदर, कडेवर लहान मुलगी, तिच्या गालावर लाल चट्टा. माझ्याएवढीच, माझ्यासारखीच खाली पाहून बोलणारी. तिनं कमरेची थैली उघडली आणि आतून चेपलेली, अर्धी वापरलेली एक ट्यूब काढली.

"बाई, हेच का ते? आमी इले लावून राह्यलो, पंधरा दिवस झाले. गुण आला होता."

"हेच," मी म्हटलं. "बंद करा. आत मॅडमले दाखवा, लपवू नका."

तिनं ट्यूब परत थैलीत घातली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ही कोण, हिला काय पडलं आहे, हिचा यात काय फायदा. तशी नजर मला फार चांगली ओळखता येते. म्हणून मी घाई केली नाही. तिला बाकावर बसवलं, तिच्याजवळ बसले आणि पहिल्या फोडापासून सांगायला लागले. रिसोडची दुपारची बस त्या दिवशी आमची चुकली.